आत्याने मागितलेली घोडी

ओहाकुने, मंगळवार

प्रिय सेमिसी,

तू फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी काय बोलणार होते? भावाबहिणीने असलं काही समोरासमोर बोलायचं नसतं, हे आपल्याला लहानपणापासून शिकवलंय. म्हणून हे पत्र तुमच्या घोड्यांच्या ट्रकवाल्या क्रेगच्या हाती देते आहे. बाबांच्या दफनाच्या जेवणावरून तू उपाशी, आत्याच्या पायाही न पडता निघून गेलास. त्या दिवशी काय झालं ते आता ओळीने वाच. शेवट आधी वाचायची तुझी खोड मला ठाऊक आहे, या वेळी तेवढी आवर.

लष्कराच्या माळावरून रानघोडे हाकून आणले आणि त्यातली ती तांबूस घोडी तू आपल्या कुरणात सोडलीस, तेव्हा बाबा किती भडकले होते! माळावर गवत पुरत नाही, कळप वाढतच जातो, जास्तीचे घोडे काढावेच लागतात, हे त्यांना मान्य होतं. ज्यांना घर मिळत नाही ते कत्तलखान्यात जातात, हेही. त्यांचा राग वेगळाच होता. "घोडा कुत्र्यांच्या डब्यात गेला तर कुणाच्या पोटात दुखत नाही," ते म्हणायचे, "आणि आपण नारळाच्या दुधात शिजवला की आपण रानटी!" तू म्हणालास, ही घोडी कधी कापली जाणार नाही असा मी सही करून शब्द दिलाय. "मग पोसा," बाबा म्हणाले, "राणीसाहेब आल्यात." तेव्हापासून तू घरात मांसाच्या भांड्याला हात लावला नाहीस आणि बाबा तुझ्याशी धड बोलले नाहीत. खरं सांगू? मला बाबांचंच पटायचं. अजूनही पटतं.

बाबा गेले आणि मायदेशाहून, टोंगाहून लोसालिने आत्या आली. मेलेल्या माणसाची थोरली बहीण, म्हणजे घरात तिच्यावर कुणी नाही. ती चटईवर मानाच्या जागी बसली. तिकडे अंगणात सालेसी काकांच्या तोंडाचा पट्टा सुरू झाला. "एवढी माणसं येणार आणि घोडा नाही? माझ्या भावाला काय कोंबडीवर बोळवायचं? अरे, कुरणात उभी आहे की एक!" मी तुझ्या शब्दाची आठवण करून दिली. घोडी कापली तर सेमिसीच्या हाती पुन्हा कुणी एकही घोडा देणार नाही, रानघोड्यांना घरं मिळवून द्यायचं त्याचं सगळं काम बुडेल, असं चुलीपाशी उभी राहून सांगितलं. काका म्हणाले, "कागदाला कोण विचारतो गं? माझा भाऊ मेलाय." आणि सुरीला धार लावायला बसले.

तेवढ्यात आत्या उठली. कमरेला गुंडाळलेली शोकाची चटई सावरत कुंपणापर्यंत गेली आणि बोट दाखवून म्हणाली, "ही घोडी मला हवी."

झालं. आत्याने मागितलेलं नाही म्हणायची सोय आपल्यात कुणाला आहे? काकांनी मांडीवर थाप मारली. काकांच्या इनोकेने लगेच तुला फोन लावला, आत्याने घोडी मागितली म्हणून. त्याला जे वाटलं तेच सगळ्यांना वाटलं होतं. तू पोचलास तेव्हा कुरण रिकामं होतं आणि हंडे उघडले होते. तू कुंपणाकडे पाहिलंस, हंड्याकडे पाहिलंस, मग आत्याकडे. तिला उलट बोलायचं नसतं, म्हणून तसाच वळलास. मी वाढपात अडकले होते. हाक मारली, पण तुझी गाडी निघाली होती.

इनोकेने फोन ठेवल्यावर जे झालं ते तू ऐकलंच नाहीस. काका दोर घेऊन निघाले तर आत्या फाटकात आडवी उभी. "हात लावू नकोस. आता ती माझी आहे."

"अगं, मग लोकांना खायला काय घालू?"

"घोडा खायला मी कधी लाजले नाही, सालेसी. पण पोराने शब्द दिलाय. त्याचा शब्द मोडून वाढलेलं ताट माझ्या भावाला नको. जा, बैल आण."

काका तोंड वाकडं करून गेले. त्यांचा भरवसा नको म्हणून आत्याने घोडी स्वतः ओढत नदीपलीकडच्या मिसेस डनच्या कुरणात नेऊन बांधली. घोडी जिवंत आहे, सेमिसी. तू पाठ फिरवलीस त्या हंड्यात बैल होता.

आत्या शनिवारी परत जाते आहे. बाकी सगळे विधी उरकले, फक्त बाप गेल्यावर आत्याने मुलांचे केस कापायचे असतात, ते आपले राहिलेत. मी तिच्यापुढे बसले तर तिने कात्री खाली ठेवली. "दोघं बसा, मग कापते." लोक तुला नावं ठेवतात, तेव्हा ती म्हणते, पोर लांबून आलं होतं, दमलं असेल. पण काल भांडी घासताना तिने मला हळूच विचारलं, "त्याच्या मानपानात माझं काही चुकलं का गं?" मला रडू आवरेना. ती तुझ्या शब्दासाठी सख्ख्या भावाला आडवी गेली, आणि तिनेच घोडी कापायला लावली असं तू समजलास, हे मी तिला कोणत्या तोंडाने सांगू? अजून कुणी सांगितलेलं नाही. इनोकेचं तोंड मी फार दिवस बंद ठेवू शकणार नाही. तिला कळायच्या आत ये.

तुझीच,
मेलेआने