शनिवारची मेल

जयनगर, बंगलोर
शनिवार, १८ सप्टेंबर १९९९

प्रिय प्रणीत,

आईला जाऊन आज महिना झाला. भटजी अकरापर्यंत आटोपून गेले. दुपारी सायबर सेंटरात जाऊन तुझी मेल वाचली. तेराव्यानंतर तू डलासला परतलास, त्यानंतरची पहिलीच. उत्तर तिथेच टाइप केलं असतं, पण इंग्रजी अक्षरांत मराठी लिहायला मला जमत नाही.

मेल छान आहे. डॉक्टर, आप्पाजीकाका, शेजारच्या कृष्णाबाई, सगळ्यांची नावं घेऊन आभार मानलेस. कृष्णाबाईंच्या खाली मी: अक्काने आईची सेवा केली, तिचेही मनापासून आभार.

गेली दोन वर्षं दर शनिवारी मी आईला ऑटोने सेंटरात न्यायची. तुझी मेल वाचून दाखवायची. ती प्रिंट काढायला लावायची आणि आठवडाभर गल्लीत मिरवायची. चार ओळी, आणि शेवटी ‘थँक्यू आई, चटणीपुडी पोचली.’ डाळी भाजून ती पुडी मी कुटलेली. परत येताना आई म्हणायची, “बघ, किती रीतीने लिहितो. तुझ्या तोंडून कधी थँक्यू निघालं का?” मी म्हणायची, “मला तरी कुणी म्हटलंय?” त्यावर तिचं ठरलेलं, “घरच्या माणसाला कसलं गं थँक्यू!” खोटं कशाला सांगू, मला तुझा फार हेवा वाटायचा. तिला भरवायची मी, आणि उशीखाली कागद तुझा.

शेवटच्या आठवड्यात मी चादर बदलली, तर ती हळूच मला थँक्यू म्हणाली. जे हवं होतं ते मिळालं, तर मी काय शेजारीण आहे का, म्हणून तिच्यावर खेकसले. आज कृष्णाबाईंच्या खाली माझं नाव वाचलं, तेव्हा तुझ्यावरही तसंच खेकसावंसं वाटलं.

आता शनिवारची मेल तू कुणाला लिहिशील? मला लिही. एवढंच सांगायला हे पत्र. आभार नकोत. काय जेवलास, कुणाशी भांडलास, तुझ्या विराटचा दात पडला का, असलं लिही. प्रिंट काढून गल्लीत दाखवणार नाही. पुडी संपली असेल तर हक्काने माग.

डाळी भाजून ठेवल्या आहेत. आई झोपलेली असायची म्हणून दुपारी मी कधी कुटत नव्हते. आता केव्हाही चालतं. पाकीट चिकटवते आणि कुटायला बसते.

तुझीच,
अक्का