मुका गंधार

औरंगाबाद,
१२ डिसेंबर १९५८

तीर्थरूप आप्पासाहेब दादांस, धाकट्या आशाचा साष्टांग नमस्कार. तुमचा गुडघा आता कसा आहे? मी पाठवलेलं तेल स्वतः लावता की शेजाऱ्यांना वाटता? फर्दापुरात थंडी लई पडली असेल. इकडं सगळे खुशाल आहेत, म्हणजे मी सोडून. काल शाळेत माझी जी शोभा झाली, ती दुसऱ्या कुणाकडून कळण्याआधी मीच कळवते.

याचं मूळ तुम्हीच आहात. नोकरीच्या अर्जात ‘संगीताचे ज्ञान आहे’ ही ओळ तुमच्या हातची (मी नको नको म्हणत होते). चार वर्षं ती कुणी वाचली नाही. या जूनमध्ये आमचे हेडमास्तर रामकिसन गुरुजी यांनी वाचली, आणि पहिलीच्या पोरांना सूर शिकवायचं काम माझ्याकडं आलं. सोबत कपाटावरची पेटी. तिचा गंधार मुका! पट्टी दाबली की नुसती हवा, फुस्स. सा दुसऱ्या पट्टीवर धरून पाहिला, तर तिथं दोन सूर बंद. दुरुस्तीचा अर्ज दिलाय, तो कुठल्या टेबलावर विसावा घेतोय देव जाणे.

मी काय करायची, फळ्यावर सात सूर लिहायची, नावं नुसती बोलून सांगायची आणि म्हणायची, “आता पेटी म्हणेल तसं म्हणा.” पोरं पहिलीतली, अक्षरओळख बेताची, पण कान शाबूत. त्यांनी पेटीचं तंतोतंत ऐकलं. मला वाटायचं, गंधाराला पोरं दम घेतात. वर्गात पंचावन्न पोरं (त्यांतली दहा कायम भांडत असतात), नीट ऐकू येतंय कुणाला!

काल तपासनीस साहेब आले. मी भाता हलवला. पोरं ताठ उभी राहिली आणि एका सुरात म्हणाली, “सा, रे, फुस्स, म, प...” दादा, उतरतानासुद्धा बरोबर जागेवर फुस्स! रामकिसन गुरुजी खिडकीबाहेर बघायला लागले. साहेबांनी पुढच्या रांगेतल्या आबेदाला विचारलं, “बेटा, हे मधलं काय?”

ती म्हणाली, “साब, पेटी तो ऐसाच बोलती!”

साहेब हसले नाहीत, तेच जास्त लागलं. हळूच म्हणाले, “बाई, पेटीत नसेल तर तुमच्या गळ्यात असेल की. म्हणा.”

आता तुम्हाला ठाऊक आहे, मी चौदा वर्षांत तोंडातून सूर काढलेला नाही. पहिल्या दिवाळीला सासऱ्यांनी ‘आपल्या घरात हे चालत नाही’ म्हटलं, तेव्हापासून. ते जाऊन पाच वर्षं झाली. मना करणारा माणूस गेला, मनाई मात्र मी जपून ठेवली. पाळण्याशीसुद्धा गायले नाही, नुसता झोका देत बसले. माझ्या दोन्ही पोरांनी आईचा आवाज ऐकला तो रागावताना.

मी तोंड उघडलं. पहिल्यांदा खोकलाच आला. मग सा लागला, रे लागला, आणि गंधार थरथरत का होईना, जागेवर जाऊन बसला. तो सोडवेना, दादा.  भांडणारी दहासुद्धा भांडायची विसरली. आबेदा जागेवरून उठली, माझ्यापाशी आली आणि मला खाली वाकायला लावून गळ्याला हात लावून बघितला. म्हणाली, “बाई, ये अंदर था?”

मी व्हय म्हणाले आणि फळ्याकडं तोंड केलं. साहेबांनी शेऱ्यात काय लिहिलं, मी अजून वाचलं नाही.

वहिनींना नमस्कार, मुलांना आशीर्वाद.

तुमची,
आशा

ता. क. खरं म्हणजे पत्र लिहिलं ते एवढ्यासाठीच. माझ्या लग्नात द्यायला तुम्ही मिरजेहून तंबोरा आणला होता. सासरी काय म्हणतील या धास्तीनं मी ‘मला नको’ म्हणाले आणि तुम्ही दोन दिवस माझ्याशी बोलला नाहीत. मला हवा होता. तेव्हा बोलायची हिंमत झाली नाही. अजून असेल, तर घेऊन या. बसच्या टपावर टाकू नका, मांडीवर धरा.

ता. क. २. वहिनींनी तो कुणाला देऊन टाकला असेल, तर तसं पत्रानं कळवू नका. नुसतेच या.