दहापासून सुरू होणारी टेप

बाबा, आज मुलीच्या नववीच्या भूमितीत तुमची टेप सापडली. म्हणजे टेप माझ्या खणातच आहे, पुस्तकात तिचा नियम आहे. दोन बिंदूंमधलं अंतर काढायचं तर मोठ्या निर्देशकातून लहान निर्देशक वजा करायचा. "निर्देशक म्हणजे काय हो पप्पा?" मुलीने विचारलं. मी तुमची टेप तिच्या टेबलावर ताणली. एका कडेशी दहा, दुसऱ्या कडेशी एकशे पंधरा. टेबल एकशे पाच. ती म्हणाली, "तुम्ही तर सातवीपर्यंतच शिकलात ना?" म्हटलं, "तुझी पुस्तकं तुझ्याआधी कोण वाचतं?" खोटं नाही. पाचवीपासूनची सगळी वाचली, उदाहरणांसकट. किरणाला आरंभबिंदू असतो, शेवट नसतो, हे वाचताना तुमची पेन्सिल आठवली. फळी लांबीत चिरायची असली की तुम्ही रेघ मापाच्या पुढे ओढत न्यायचात. "रेघ जाऊ दे पुढं, करवत थांबली म्हंजे झालं."

टेपचं पुढचं टोक चुरगळलं, तेव्हा मी नवी आणू म्हणालो होतो. तुम्ही दहाच्या रेघेवर कात्री चालवलीत. "सुरवात खराब झाली तर काय झालं? दहापासून सुरू करू." आणि नियम घालून दिलात: "वजाबाकी मोजणाऱ्यानं करायची, लिवणाऱ्यानं नाय." म्हणजे तुम्ही ओरडून सांगायचात तो आकडा पक्का. मी फक्त लिहायचा.

खांदा कॉलनीतलं ते स्वयंपाकघर तुम्हाला आठवत असेलच. ओट्यावर एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत फळी बसवायची होती. तुम्ही स्टुलावर चढलेले, मी खाली वही घेऊन. तुम्ही सांगितलंत, "एकशे बत्तीस." दुसऱ्या दिवशी फळी लावायला गेलो तर उजवीकडे दहा सेंटीमीटर मोकळे. बाई कमरेवर हात ठेवून म्हणाल्या, "काका, चष्म्याचा नंबर वाढला वाटतं!" तुम्ही टेप लावून पाहिलीत, मग टेपकडेच बघत राहिलात. हसून म्हणालात, "वाढला आसंल बाई. आमचं वय झालं." मी ड्रिल मशीनची वायर गुंडाळत होतो. गुंडाळतच राहिलो.

मग तुम्हीच फळीच्या उघड्या टोकाला एक उभी पट्टी ओट्यापर्यंत उतरवलीत आणि म्हणालात, "घ्या, पोळपाट उभा ठेवायला जागा." बाई इतक्या खूश झाल्या की त्याच इमारतीत आणखी तीन घरी तसाच कप्पा करावा लागला. आज करंजाड्यात नव्या इमारतींमधून आमचं काम चालतं, आणि गिऱ्हाईक स्वतः म्हणतं, तो तुमचा पोळपाटाचा कप्पा हवा. मी तो अजूनही बरोबर दहा सेंटीमीटरचा करतो. साडेनऊ नाही, साडेदहा नाही. चांगलं चाललंय, बाबा.

त्या दिवशी घरी येताना तुम्ही टेप माझ्या हातात ठेवलीत. "आता माप तू घे. माज्या डोळ्यांचा भरवसा नाय." त्यानंतरची दोन वर्षं तुम्ही फक्त पॉलिश पेपर घासलात. एकदाही स्टुलावर चढला नाहीत. मी टेप मिरवत राहिलो.

तुम्ही एकशे बत्तीस बरोबरच सांगितलं होतं. मला वाटलं, म्हातारे झालेत, दहा वजा करायला विसरले असतील. वर चढून बघण्याऐवजी मी वहीत परस्पर आणखी दहा काढले आणि एकशे बावीस लिहिलं. ती वही मी जपून ठेवली आहे. डोळे तुमचे शेवटपर्यंत चांगले होते.

हा कागद घडी करून टेपखाली ठेवतो, दुसरी जागा नाही. मुलीला तो कप्पा आजोबांच्या चुकीतून निघाला, असंच आजवर सांगत आलो. आज टेबलावर टेप ताणलेली असतानाही तिने पुन्हा त्या कप्प्याची गोष्ट विचारली आणि मी पुन्हा तेच सांगितलं. आधी तुम्हाला सांगायचं होतं. उद्या सकाळी शाळेत जाण्याआधी तिला वही दाखवतो.