झाकणाचा श्वास

२ सप्टेंबर, सोमवार

आजही किटली दिली नाही! “परवा नक्की आणतो, मावशी.” या माणसाच्या कॅलेंडरात परवा उगवतच नाही. जुलैत माझ्या घरातली मातीची किटली कारखान्यात मागून घेतली – दोन दिवस, मापं घ्यायला म्हणून. दोन महिने झाले.

तोंडावर मी त्याला साहेब म्हणते, कारण मोठे मालक, म्हणजे त्याचे वडील, गेल्यावर त्यानेच तसं सुचवलं. इथे वहीत ‘तो’च. लहानपणी कारखान्यात मातीच्या पोत्यांवर आडवा होऊन झोपायचा, तेव्हा त्याचं नाक मी पुसलंय.

घरी आज पुन्हा पातेल्यातून चहा. यांनी हट्टाने स्वतः ओतला. निम्मा कपात, निम्मा शर्टावर. वर मला म्हणतात, “शर्टालाही तलफ येते गं!” मी हसले. मग नळाखाली शर्ट चोळता चोळता रडले.

३ सप्टेंबर, मंगळवार

ती कशी होती ते लिहून ठेवते. या वेगाने उद्या मलाच आठवायची नाही.

दिसायला ध्यान! भाजताना एका अंगाने काळवंडलेली, पोटाला फुगवटा, तोटी जराशी डावीकडे. मोठ्या मालकांनी फुटक्या मालाच्या ढिगावर टाकली होती. मी म्हटलं, मी नेते. “ने, पण आपल्याकडची आहे असं कुणाला सांगू नकोस.” त्याला बावीस वर्षं झाली.

पण गुण बघा. तोटीचं टोक बरोबर तोंडाच्या उंचीला, म्हणून काठोकाठ भरता यायची. ओठाची धार अशी की शेवटचा थेंब मुकाट्याने आत परत जायचा, टेबलावर डाग म्हणून नाही. झाकणाला आतून लांब जीभ, कितीही कलवा, पडायचं नाही. आणि कान ऐसपैस – चारही बोटं आत. एकूणएक तोटी माझ्या हातची असते कारखान्यात, पण इतकी मला पुन्हा जमली नाही.

यांचे हात थरथरायला लागून तीन वर्षं झाली. गुंडी मी लावते, घास मी कालवते. पण चहा ते स्वतः ओतायचे. कप जवळ ओढायचा, तोटी कपाच्या काठाला टेकवायची आणि कलवायचं. दिवसभरातलं तेवढं एकच काम कुणाच्या मदतीशिवाय व्हायचं, आणि ते झालं की हा माणूस राजासारखा बसायचा.

हे सगळं मी त्याला किटली देताना सांगितलं होतं. मान हलवत मोबाइल बघत होता.

६ सप्टेंबर, शुक्रवार

आता कळलं, मापं कशाला हवी होती. नवीन नमुना आला. माझ्या किटलीची तोटी, जशीच्या तशी!

त्याचा पहिला नमुना मे महिन्यातला. बाहेर शिकून आला ना, तर पक्ष्यासारखी नाजूक किटली काढली. तोटी खाली, पोट वर. मी म्हटलं, साहेब, ही भरायच्या आधीच गळेल. “मावशी, तुम्ही तिची रेषा बघा ना!” रेषा काय कपात घालून प्यायची? शेवटी गिऱ्हाइकासमोर पाणी भरलं आणि त्याच्याच पँटवर सांडलं. तेव्हा आठवली मावशी, आणि मावशीची काळवंडलेली किटली.

संध्याकाळी हळूच म्हणाला, “या महिनाअखेरीला तुमचे कागद करतो. आता आराम करा.” एकतीस वर्षं! गरज सरो, वैद्य मरो. मी म्हटलं, बरं.

किटलीचं विचारलं तर खिडकीबाहेर बघायला लागला.

९ सप्टेंबर, सोमवार

काहीच नाही. पातेलं, फडकं, शर्ट.

११ सप्टेंबर, बुधवार

आज केलं ते लिहू की नको, असं दोनदा झालं. लिहिते.

सकाळी तो स्वतः एक किटली घेऊन आला. कच्ची, फळीवर ठेवलेली, ओल्या फडक्यात गुंडाळलेली. नेहमीच्या साच्यातली नाही, चाकावर केलेली. शेजारी झाकण. “मावशी, हिला तोटी तुम्हीच बसवा. झाकणही घासून नीट बसवा. अगदी मनापासून हं. खास आहे.” कुणासाठी, विचारलं. “बघालच.” वर ऐका – “उलटी करू नका, तळ अजून ओला आहे.” एकतीस वर्षं माती मळतेय, आणि हा मला तळ ओला असल्याचं शिकवतो!

भट्टीवर काम करणारे दादा म्हणाले, सत्तावीसला शहरात मोठं प्रदर्शन आहे, पाहुण्यांना आपल्याच किटलीतून चहा ओतून दाखवायचाय. म्हणजे ती ही. आणि हिचा कान बघितला तर चार बोटं मावतील असा! तोटी चोरली होतीच, आता कानही चोरला.

आमच्याकडे झाकणाच्या भोकाला ‘श्वास’ म्हणतात. मोठ्या मालकांचा शब्द. किटली कलली की चहा बाहेर येतो आणि त्याच्या जागी हवा आत जावी लागते, त्यासाठी ते बारीक भोक. ते नसेल आणि झाकण घट्ट असेल तर चहा तोटीत अडतो. रोज पाचला मोठे मालक फळ्यांमधून फिरत विचारायचे, “सगळ्यांना श्वास दिला का?” मी म्हणायचे, दिला. माझी विणकामाची जुनी सुई, तिने पाडते. एकतीस वर्षांत एक चुकलेली नाही, म्हणून आता कुणी तपासतसुद्धा नाही.

तोटी बसवली. खरंच मनापासून बसवली, हाताला वाईट काम करताच येत नाही. झाकण घासून घासून असं बसवलं की वारा शिरणार नाही.

आणि सुई खिशातच ठेवली.

ओत म्हणावं आता, चारचौघांत!

१२ सप्टेंबर, गुरुवार

भट्टीच्या उबेला वाळत लावताना दादांनी सवयीने विचारलं, “श्वास दिलास ना गं?” मी म्हटलं, आजवर कधी विसरले? खोटं बोलले नाही. खरंही बोलले नाही. दादा हसून पुढे गेले, आणि मला दिवसभर पाणी गोड लागलं नाही.

१६ सप्टेंबर, सोमवार

पहिली भाजणी उतरली. एकदा भाजलं की सुई चालत नाही, पण चकाकीचा लेप चढायच्या आत बारीक ड्रिलने भोक पाडता येतं. ड्रिल कपाटातून काढलं. काढलंच होतं! मोठ्या मालकांचा आवाज कानात होता, आणि म्हटलं, जाऊ दे, मातीचा काय दोष?

तेवढ्यात प्रदर्शनाची माहितीपत्रकं छापून आली. गुळगुळीत कागद. त्याचा फोटो, हनुवटीखाली हात. खाली – ‘एक थेंबही न सांडणारी तोटी : अनेक वर्षांच्या चिंतनातून साकारलेली संकल्पना.’ चिंतन! कुणाचं? कुठे? माझ्या ओट्यावर बावीस वर्षं चहा ओतत उभी होती ती संकल्पना!

ड्रिल कपाटात परत ठेवलं.

१८ सप्टेंबर, बुधवार

लेप लागला. पुन्हा भट्टीत गेली. आता भोक पाडायला गेलं तर झाकणच तडकेल. संपलं.

२० सप्टेंबर, शुक्रवार

उतरली. दादांनी हातमोजे घालून काढली आणि बघतच राहिले. सायीचा रंग, तळाकडे फिकट तपकिरी होत गेलेला. पोट गोल पण लठ्ठ नाही. माझी तोटी तिला अशी शोभली होती की माझाच जीव वरखाली झाला. इतकं रूप आणि उपयोग शून्य, हे फक्त मला माहीत. त्याने येऊन लगेच उचलली आणि कागदात गुंडाळून आपल्या खोलीत नेली. मला हातही लावू दिला नाही.

यांना सांगितलं नाही काही. त्यांनी विचारलं, “आपली म्हातारी कधी येणार घरी?” किटलीला म्हातारी म्हणतात. मी म्हटलं, परवा. मीही त्याच्यासारखीच बोलायला लागले!

२७ सप्टेंबर, शुक्रवार

आज प्रदर्शन. आम्हाला कुणी नेलं नाही, दादा खोकी उचलायला म्हणून गेले. मी दिवसभर फाटकाकडे बघत. सहाला आले, तर तोंडभर हसू! “काय ओतला गं चहा! एक थेंब खाली नाही. टाळ्या!”

कोणत्या किटलीतून? “त्या नव्या नमुन्यातल्याच की, साच्यातल्या. दहा-बारा नेल्या होत्या.” आणि ती सायीच्या रंगाची? “ती कुठे नेली? ती तर दिसली नाही मला.”

म्हणजे फजिती माझीच झाली. टाळ्या माझ्या तोटीला, नाव त्याचं. आणि मुकी किटली कुठे जाऊन बसली, देव जाणे. कुणा श्रीमंताच्या कपाटात असेल. असू दे. तिथे कोण ओततंय!

२८ सप्टेंबर, शनिवार

यांनी आज कप मागितलाच नाही. म्हणाले, सोडतो चहा, तसंही पित्त होतं. पंचेचाळीस वर्षांत पित्त झालं नाही, ते आज!

३० सप्टेंबर, सोमवार

संपला शेवटचा दिवस.

चार वाजता सगळ्यांना अंगणात बोलावलं. त्याने भाषण केलं, दोनदा माझ्या वयाचा आकडा चुकला. दादा रडले. मी नाही रडले, मी ठरवूनच गेले होते.

मग खोकं दिलं. “घरी जाऊन उघडा.” मी म्हटलं, आधी माझी किटली द्या साहेब, मग खोकी. सगळ्यांसमोर म्हटलं! त्याचा चेहरा लालबुंद. मला बाजूला घेतलं, मातीच्या पोत्यांपाशी.

“मावशी, ती फुटली. जुलैमध्येच. मापं घेताना माझ्या हातून पडली. तुम्हाला सांगायचा धीरच झाला नाही.” साहेब कुठला, पुन्हा तो मी नाक पुसलेला पोरगाच. “तुम्ही काकांच्या हातांचं सांगितलं होतंत ना? म्हणून कान चार बोटांचा ठेवला. मी स्वतः चाकावर बसलो. सहा बिघडल्या, सातवी जमली. तोटी मात्र मला लावता येईना. ती तुमच्याचकडून लावून घेतली.”

मी खोकं तिथेच उघडलं. सायीचा रंग.

उलटी केली. तळाला कारखान्याचा शिक्का नाही. ओल्या मातीत खिळ्याने कोरलेली वाकडी अक्षरं – माझं नाव. पूर्ण नाव, नवऱ्याचंसुद्धा. म्हणून तळ ओला होता!

माहितीपत्रकाबद्दल एक शब्द बोलला नाही. त्याला ते खुपतही नसेल. तो राग माझा तसाच आहे, आणि तो मी सोडणार नाही. “आवडली ना?” म्हणाला. झाकणावर अंगठा ठेवून मी उभी. म्हटलं, छान आहे. रूपवान आहे.

“वापरा हं. शोकेसमध्ये ठेवू नका.”

१ ऑक्टोबर, मंगळवार

यांनी सकाळीच टेबलावर मांडून घेतली. चारही बोटं कानात घातली, तोटी कपाला टेकवली, कलवली. दोन थेंब. मग काही नाही. आणखी कलवली. हात थरथरायला लागला. “रुसलीय का गं ही?”

मी उठले. झाकणाची कड नखाने जराशी उचलून धरली. चहा आला – बारीक, सरळ, एक थेंब न सांडता.

आता आमच्याकडे एक कप चहा ओतायला दोन माणसं लागतात.