दारामागचं कपाट

४ मार्च, सोमवार

चि. सौ. सूनबाईस अनेक आशीर्वाद.

मी ठीक आहे. गुडघा कुरकुरतो, पण तो तुझ्या सासूबाई होत्या तेव्हाही कुरकुरायचाच. तेव्हा ऐकून घ्यायला कुणीतरी होतं, एवढंच. पोरं मजेत असतील. तुझा नवरा कामात असेल. तो कायमच कामात असतो, लहानपणी अभ्यासाचं नाव काढलं की असाच कामात असायचा.

रोज फोन होत असताना पत्र कशाला, असं म्हणशील. फोनवर तू विचारतेस, "बाबा, आज कुठला कप्पा?" आणि मी सांगत सुटतो. बाकीचं राहून जातं.

सासूबाई गेल्यावर त्यांचं स्वयंपाकघर कुठून आवरायला घ्यावं तेच मला कळेना. जन्मभर लोकांच्या घरात शिरून विजेचे मीटर वाचले, पण स्वतःच्या ओट्याखाली काय आहे ते ठाऊक नव्हतं. तू म्हणालीस, "एकदम सगळं काढू नका. दिवसाला एकच कप्पा, आणि संध्याकाळी मला सांगायचं." युक्ती नामी निघाली. एका कप्प्यात नुसती झाकणं, ज्यांची ती त्या डब्यांचा पत्ताच नाही! मग कुकरच्या जुन्या रिंगा, भोक पडलेली गाळणी. 'मीठ' लिहिलेल्या डब्यात साखर निघाली, माझ्यापासून लपवलेली. आधी हसू आलं, मग खूप रडलो. तुला फक्त हसल्याचं सांगितलं.

एकदा तू सहज म्हणालीस, "आता थोडेच कप्पे राहिले, मग सुटलो आपण." तू माझ्या भल्यासाठीच म्हणालीस, पण मी उरलेले कप्पे मोजत बसलो. कप्पे संपल्यावर तू फोन कशासाठी करणार?

म्हणून भंगारवाल्याला दिलेले डबे परत मागून आणले. तो म्हणाला, "काका, काल तर ब्याद गेली म्हणत होतात!" डबे पुन्हा मांडले, पुन्हा काढले, तुला सांगितले. तेही संपल्यावर सरळ थापा मारू लागलो. खरं म्हणजे सगळं कधीच आवरून झालंय. एक ताट, एक वाटी, दोन पातेली उरलीत. खोकलो तरी आवाज घुमतो.

परवा थापेच्या भरात बोलून गेलो, की आता दारामागचं कपाट आवरायला काढलंय. काल तू विचारलंस, "दारामागच्या कपाटाचा वरचा कप्पा झाला का, बाबा?"

अगं, लग्नानंतर चार वर्षं तू याच स्वयंपाकघरात वावरलीस. दारामागे कपाट नाही. तिथे गॅसचा सिलिंडर असतो आणि त्याला ठेच लागून तू एकदा पायाचं नख मोडून घेतलं होतंस.

सकाळपासून तेच डोक्यात घोळतंय. एक तर तुला सगळं कळलंय आणि तू मला सांभाळून घेतेस. नाहीतर तू कामं उरकता उरकता नुसतं हूं हूं करतेस, आणि मी काय बोलतो तिकडे तुझं लक्षच नसतं.

पहिलं असेल तर देव तुझं भलं करो. दुसरं असेल तर मला कळवू नकोस.

फोन मात्र कर. त्या कपाटाचंच विचार हवं तर, अजून बरेच कप्पे आहेत त्यात.

तुझ्या फोनची वाट बघणारा,
बाबा