शहापूरचं लुगडं

सोमवार, ३ फेब्रुवारी १९३६

परशराम मला बघून मोटारीत ताडकन उभाच राहिला! डोकं वर टपाला आपटलं तरी बसेना. निपाणीची सकाळची मोटार काकतीला थांबते, मी रोज इथंच चढतो, शहापूरच्या शाळेत मास्तरकी करायला जातो — यात बघण्यासारखं काय? परशराम म्हणजे निपाणीला दिलेल्या माझ्या बहिणीच्या, राजाक्काच्या शेजारचा, तंबाखूच्या वखारीतला. आठवड्यातनं दोनदा तरी याच मोटारीत गाठ पडते. आज जवळ येईना. शेवटी आला आणि माझं मनगट दाबून बघितलं. बरं हाय न्हवं, मास्तर? — हे तीनदा विचारलं.

दिवसभर डोक्यात तेच. फळ्यावर पाढा चुकलो.

मंगळवार, ४

उलगडा झाला. आईचं काम! शुक्रवारी विहिरीवर माझ्या डोक्याला कावळा शिवला. घरी येऊन मी सहज बोललो आणि विसरूनही गेलो. आई कुठली विसरते! मला न सांगता आक्काकडं निरोप धाडला — मी गेलो म्हणून! कावळा शिवला की जवळच्या माणसाला अशी खोटी बातमी द्यायची. त्यानं रडायचं. म्हणजे खरं मरण टळतं म्हणे. मागनं उलटा निरोप जातो. आक्का रडत मोटारीच्या अड्ड्यावर पोचली तेव्हा कुठं तो मिळाला. परशरामला पहिलाच निरोप ठाऊक.

आईवर लई तापलो. पाच गावची पोरं मी शिकवतो आणि माझ्याच घरात हे! ती शांतपणे म्हणाली, तू जिता हायस न्हवं? मग झालं.

गुरुवार, ६

परशराम आज हसत जवळ बसला. आक्काचा निरोप आणला होता — थांब म्हणावं, मलाबी कावळा शिवू दे, मग तुला कशी रडवते बघ! आणि दिवाळीत कबूल केलेलं शहापूरचं हिरवं लुगडं कुठं हाय? खरंच की. रोज हातमागांचा खडखडाट ऐकत शाळेत जातो आणि रोज विसरतो. आक्का रागावली नाही, एवढ्यानंच बरं वाटलं.

मंगळवार, ११

आज गंमतच! परशराम मोटारीत बसलाच नव्हता, दांडी धरून उभा. मी चढल्याबरोबर म्हणाला, "मास्तर, राजाक्का पहाटं गेली. माहेरचं लुगडं घेऊन लगोलग या म्हणून सांगितलंय."

लुगडं! मला हसूच फुटलं. सवाष्ण गेली की माहेरचं लुगडं नेसवून तिला पोचवतात — काय जागा धरली आक्कानं! रडवायचंही आणि लुगडंही काढायचं. परशराम बघतच राहिला. "हसतायसा काय?" म्हणाला. मी म्हटलं, बास झालं नाटक, सांग तिला, रविवारी लुगडं घेऊन येतो. तो बेळगावात उतरून गेला.

संध्याकाळी आईला सांगितलं. लेकीला कावळा शिवला म्हणायचा, म्हणाली आणि रीतीप्रमाणं मोठ्यानं रडून घेतलं. मग पदरानं नाक पुसून भाकरी वाढली. उद्या उलटा निरोप येईल.

बुधवार, १२

निरोप नाही. परशरामही नाही.

गुरुवार, १३

मोटारीत वखारीतला अण्णाप्पा होता. मी हाक मारली. त्यानं तोंड खिडकीकडं फिरवलं. ऐकू आलं नसेल? दोन हातांवर तर बसला होता!

परशरामचे डोळे परवा लाल होते काय? आठवत नाही. वखारीतल्या सगळ्यांचेच लाल असतात. जावं का निपाणीला? गेलो आणि आक्का दारात हसत उभी असली तर जन्मभर चिडवेल. चिडवू दे. आणि नसली तर — छे! काय लिहितोय मी. आईला विचारलं. ती म्हणाली, निरोप वाटेत राहिला असंल. पण जेवली नाही.

मधल्या सुट्टीत लुगडं घेतलं. हिरवं, लाल काठाचं. दुकानदारानं विचारलं, कुणाला? बहिणीला, म्हणालो. उद्या रजा टाकून निघतो.

शुक्रवार, १४

लुगडं काखेत मारून काकतीच्या फाट्यावर उभा होतो. आधी निपाणीकडनं येणारी मोटार आली. दाजी उतरले. डोकं, मिशा — सगळं काढलेलं. मी कावळ्याचं सांगायला लागलो. ते माझ्या काखेतल्या लुगड्याकडं बघत होते.

"दिवस बुडूस्तवर ठेवलीती तिला," म्हणाले. "लुगडं येईल म्हणून."