दर आठ दिवसांनी पलटायचा ढीग

५ जानेवारी
आयटीआयच्या क्लर्कीतून रिटायर होऊन पाच दिवस झाले. रिकामा बसणार नाही. आरमोरीच्या राइस मिलचा कोंडा आणि पोल्ट्रीचं कोंबडखत एकत्र कुजवून नंबर वन कंपोस्ट करणार. व्हिडिओ तीनदा पाहिला. ठमानं घरामागची, जंगलाच्या अंगाची वाडी दिली. अट एकच: दर आठ दिवसांनी ढीग मी, स्वतःच्या हातानं पलटायचा. म्हणाली, "लग्नाले एकतीस वर्षं झाली, तुमचं एक तं काम पुरं झालेलं पाहू द्या मले." बायकोच ती. यावेळी पाहीलच.

८ जानेवारी
कोंबडखत आलं. शी! ओलं, चिकट, त्यात पिसं, आणि एक मेलेलं पिल्लू. ट्रॉलीवाल्यानं ते हातानंच ओढून काढलं आणि त्याच हातानं तंबाखू मळली. मी जेवलो नाही. ढीग मजुरांनी रचला, देखरेख माझी.

१६ जानेवारी
आज पलटणी. गमबूट, हातमोजे, नाकाला रुमाल, रुमालाला अत्तर. वीस पावलांवरून पाहिलं. ढिगावर पांढऱ्या अळ्या, शिजत्या भातासारख्या वळवळत होत्या. परत आलो. दुपारी ताटात भात. उठलो.
थंडीत पलटू नये असं माझं मत. उद्या नक्की.

१७ जानेवारी
चमत्कार! ढीग पलटलेला! खालचं वर, वरचं खाली, वाफा निघताहेत. आत उष्णता वाढली की माल आपोआप फिरत असणार. व्हिडिओवाल्याला हे माहीतच नाही.
बाजूला खुरांचे ठसे. शेजारच्या मुखरूच्या शेळ्या. त्याला खडसावलं. म्हणे, "माह्या शेळ्या तं बांधल्या रायतेत, भाऊ." खोटारडा.
ठमाला सांगितलं, मीच पहाटे पलटला. तिनं जाऊन ढीग पाहिला, मग मला पाहिलं, आणि चहात आलं घातलं. कित्येक वर्षांत पहिल्यांदा.

२५ जानेवारी
पुन्हा आपोआप. या पद्धतीला माझंच नाव द्यावं लागेल. माशा मात्र घरभर. एक वरणात निघाली. ओकारी आली.
ठमा शेजारणीला सांगत होती, "आमचे हे हातानं करतेत, किळस नाई करत." छाती फुगली. थोडं वाईटही वाटलं. थोडंच.

३ फेब्रुवारी
वनरक्षक कुलदीप आला. गावालगत वाघाचे ठसे सापडलेत. म्हणाला, "काका, वाघ इथी काऊन येऊन राह्यला ते पाहाचं हाय," आणि वाडीच्या कुंपणाला ट्रॅप कॅमेरा बांधला. आयताच फोटोग्राफर. उद्या दाढी करून, फावडं घेऊन ढिगापाशी उभा राहणार. रेकॉर्ड पाहिजेच.

४ फेब्रुवारी
उभा राहिलो. लवकर आटोपलं.

९ फेब्रुवारी
कुलदीपनं आमच्याच अंगणात लॅपटॉप उघडला. ठमा आली. मुखरूही आला, नको तेव्हा येतोच. पहिला फोटो: मी, फावडं, रुमाल. दुसरा: मी वाकून ओकताना. तिसरा: नुसतं फावडं. पुढचे अठ्ठावन्न फोटो रानडुकरांचे. सात डुकरं, पिल्लांसकट, नाकाडं खुपसून मचमच अळ्या खाताहेत आणि ढीग खालवर करताहेत. कानाकोपरा सोडला नाही.
कुलदीप म्हणाला, "डुकरं अळ्या खाले येऊन राह्यले, अन् वाघ डुकरं खाले."
मुखरूनं विचारलं, माह्या शेळ्या कुठी दिसतेत का भाऊ?
ठमा हसली नाही. हसली असती तर बरं झालं असतं.

१२ फेब्रुवारी
चहात आलं नाही, तीन दिवस. वाडीला पक्की जाळी लागली. डुकरं बंद. ढीग गार, अळ्या जोरात, वास स्वयंपाकघरापर्यंत.
कुलदीप कॅमेरा सोडून न्यायला आला. मी आत पडून होतो. ठमानं माझं फावडं दाराशी आणून ठेवलेलं. त्याला म्हणाली, "राहू दे बाबू अजून आठ दिवस. मले वाघ नाई पाहाचा."